कविराय राम जोशी : डफाचा नाद आणि हरिनामाची वाट

भीमेच्या काठापासून मांजरेच्या काठापर्यंत पसरलेला हा प्रदेश दोन भाषांच्या कुशीत वाढला आहे. दुबलगुंडी, हुमनाबाद, कल्याण, आळंद, अक्कलकोट, सोलापूर ह्या गावांना जोडणाऱ्या वाटांवर मराठी अभंग आणि कानडी वचने शतकानुशतके एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नकाशावर नव्या रेषा पडल्या. परंतु मठाच्या प्रांगणात रात्री भजनाला बसलेल्या मंडळींच्या कंठातील दोन भाषांना त्या रेषांनी वेगळे केले नाही. अशा भूमीतील मठाच्या वर्धापनानिमित्त सिद्ध होणाऱ्या द्विभाषिक ग्रंथात संतमहंतांच्या चरित्रांबरोबर एका शाहिराचे चरित्र यावे, ह्याचे काही वाचकांस प्रथम आश्चर्य वाटेल. तो शाहीरही कसा, तर तमाशाच्या फडात डफ घेऊन उभा राहिलेला, शृंगाराच्या लावण्यांनी रसिकांस वेड लावणारा, रंगेल म्हणून ज्याचा बोलबाला झाला असा. परंतु राम जोशी यांचे चरित्र शेवटपर्यंत वाचले असता ते मठाच्या उंबरठ्यापाशी येऊन कसे थांबते, आणि उंबरठ्यावर उभे राहून मठालाच एक अवघड प्रश्न कसे विचारते, हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

राम जोशी यांचा जन्म सोलापूर येथे इ. स. १७६० च्या सुमारास झाला. घराणे देशस्थ ब्राह्मणाचे, व्यवसाय ज्योतिषाचा व पौरोहित्याचा. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, पुराण लावणे हा घरचा नित्यक्रम. वडील बंधू मुद्गल जोशी हे विद्वान म्हणून गावात प्रतिष्ठा पावलेले होते. शास्त्रवचने, स्तोत्रे, श्लोक ह्यांच्या पठणात ज्याचे बालपण जाते त्याच्या कानावर लहानपणीच लय आणि यमक ह्यांचा संस्कार होतो. राम जोशी यांच्या पुढील काव्यात संस्कृत शब्दांचा जो पूर वाहताना दिसतो त्याचा उगम ह्या घरच्या ओसरीवर आहे.

घराबाहेरचे सोलापूरही तितकेच श्रीमंत होते. बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धराम ह्यांची ही नगरी. श्रीबसवेश्वरांचे समकालीन असलेले सिद्धराम सोलापूरहून कल्याणास गेले व तेथील शरणांच्या मेळाव्यात सामील झाले, ही कथा बिदर-कलबुर्गीच्या भाविकांना घरच्यासारखी परिचित आहे. तलावाच्या मध्यभागी असलेले श्रीसिद्धेश्वराचे मंदिर आणि मकरसंक्रांतीच्या यात्रेत निघणारे उंच नंदीध्वज ह्यांमुळे सोलापूरचे कल्याणाशी असलेले नाते आजही ताजे राहिले आहे. ह्या नगरीच्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी हिंदुस्थानी ह्या चारही भाषा एकाच वेळी कानी पडत. घरात संस्कृत आणि बाहेर ह्या देशभाषा, असे लेणे राम जोशी यांना जन्मतःच लाभले, आणि पुढे त्यांनी ते मुक्तहस्ताने वापरले.

त्या काळी महाराष्ट्रात तमाशाचा फड हा जनसामान्यांच्या करमणुकीचा मोठा आधार होता. दिवसभराची शेतीची किंवा शिपाईगिरीची दगदग संपली की मशालींच्या उजेडात लोक गोळा होत. डफ, तुणतुणे, कडे आणि ढोलकी ह्यांचा घोष सुरू होई. आरंभी श्रीगणेशाचे स्तवन म्हणजे गण, त्यामागून कृष्ण आणि गोपी ह्यांच्या संवादाची गवळण, आणि मग लावणी. मुख्य शाहिराने चरण म्हणावा, झीलकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरावे, आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्या, असा हा सोहळा पहाटेपर्यंत चाले. शाहिरांमध्ये कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. कलगीवाल्यांनी शक्तीचे आणि तुरेवाल्यांनी शिवाचे श्रेष्ठत्व प्रतिपादावे, एकाने कूटप्रश्न टाकावा, दुसऱ्याने तो सोडवावा. उत्तर कर्नाटकातील हरदेशी आणि नागेशी ह्या गायनपरंपरा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ह्याचे अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. एकच झाड भीमेच्या दोन्ही काठांवर रुजले, एवढेच त्याचे तात्पर्य.

ह्या नादाने तरुण राम जोशी यांच्या मनाची पकड घेतली. सोलापुरातील धोंडी नावाच्या शाहिराशी त्यांचा स्नेह जडला आणि पोथीपेक्षा फडाकडे पाय अधिक वळू लागले. त्यांनी धोंडीच्या फडासाठी लावण्या रचून देण्यास आरंभ केला, असे सांगतात. प्रथम हे गुप्तपणे चालले असेल. परंतु सोलापुरासारख्या गावात जोश्याच्या मुलाने तमाशात बसावे ही गोष्ट किती दिवस झाकून राहणार? तमाशाचा व्यवसाय प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा, समाजाने दूर ठेवलेल्या जातींच्या कलावंतांच्या हाती होता. त्यांच्या पंक्तीत ब्राह्मणाने डफ धरावा हे त्या काळच्या धर्मकल्पनेस सर्वस्वी असह्य होते. बंधू मुद्गल जोशी यांनी प्रथम समजूत घातली, मग धाक घातला, आणि कशाचाही परिणाम होत नाही असे पाहून अखेर धाकट्या भावास घराबाहेर काढले.

ह्या प्रसंगात कोणा एकास दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. मुद्गल जोशी यांच्यापुढे कुलाची वृत्ती होती, गावातील पत होती, आणि भावाच्या कल्याणाची त्यांची स्वतःची कल्पना होती. राम जोशी यांच्यापुढे आपल्या अंगी असलेले एक देणे होते आणि ते ज्या ठिकाणी फुलत होते त्या ठिकाणास प्रतिष्ठा नव्हती. घराची मर्यादा आणि अंगची कला ह्यांच्या ओढाताणीत ज्यांनी आपल्या मुलांना वा भावंडांना अंतर दिले असेल, त्यांना ह्या दोन भावांपैकी दोघांचेही दुःख समजेल.

घराचे दार बंद झाल्यावर राम जोशी यांनी जी वाट धरली ती मोठी सूचक आहे. ते पंढरपुरास गेले. तेथे त्यांनी संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकारशास्त्र ह्यांचे रीतसर अध्ययन केले. पंढरपूर त्या काळी विठ्ठलभक्तीचे पीठ होते, तसेच शास्त्राध्ययनाचेही केंद्र होते. इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा धर्मशास्त्रावरील प्रमाणग्रंथ रचणारे काशीनाथ उपाध्याय, ज्यांस लोक बाबा पाध्ये म्हणत, ते पंढरपूरचेच. त्यांच्यापाशी राम जोशी यांनी विद्या संपादन केली अशी परंपरा आहे. तमाशासाठी घराबाहेर पडलेला तरुण थोर धर्मशास्त्र्याच्या पायाशी बसून शिकतो, ह्यात विसंगती दिसली तरी तीच राम जोशी यांच्या जीवनाची किल्ली आहे. त्यांना फड सोडवत नव्हता आणि विद्याही सोडवत नव्हती. दोन्ही तीरांवर पाय ठेवून उभे राहण्याचा हा हव्यास त्यांनी अखेरपर्यंत टाकला नाही.

विद्यासंपन्न होऊन ते सोलापुरास परत आले आणि पुराण सांगू लागले. वाणी रसाळ, पाठांतर अफाट आणि श्रोत्यांचे मन ओळखण्याची कला फडात कमावलेली; त्यामुळे त्यांच्या पुराणास गर्दी होऊ लागली. परंतु डफाचा नाद कानातून गेला नव्हता. काही काळाने ते पुन्हा लावणीकडे वळले, आणि आता वळले ते लपूनछपून नव्हे. स्वतःचा फड, स्वतःची कवने आणि स्वतःचा आवाज घेऊन ते उघडपणे लोकांसमोर उभे राहिले. आपल्या कवनांच्या अखेरीस त्यांनी ‘कविराय’ ही नाममुद्रा धारण केली. ज्या कवीस घरच्यांनी नाकारले त्याने स्वतःस कवींचा राजा म्हणवून घ्यावे, ह्यात त्यांच्या स्वभावातील डौल आणि बेफिकिरी दोन्ही दिसतात.

राम जोशी यांची लावणी इतर शाहिरांच्या लावणीहून वेगळी कशी होती, हे थोडे उलगडून पाहणे उचित होईल. पेशवाईच्या उत्तरकाळात नामांकित शाहीर अनेक झाले. संगमनेरचे अनंत फंदी, पुण्याच्या दरबारात गाजलेली होनाजी आणि बाळा ही जोडी, परशराम, प्रभाकर, जेजुरीचे सगनभाऊ हे सारे आपापल्या परीने थोर. होनाजींच्या रचनेत गेयता आहे, सगनभाऊंच्या रचनेत भावनेची तीव्रता आहे, परशरामांच्या रचनेत साधेपणा आणि नीती आहे. राम जोशी यांच्या रचनेत प्रथम नजरेत भरते ते शब्दांचे ऐश्वर्य. एका चरणात चार-चार ठिकाणी यमके साधावी, एकच वर्ण पुनःपुन्हा योजून ढोलकीच्या बोलासारखा नाद उठवावा, संस्कृत समासांच्या शेजारी बाजारातला ठसठशीत मराठी शब्द बसवावा, आणि हे सारे तालात ठेवून झीलकऱ्याच्या तोंडी सहज खेळते करावे, ही त्यांची हातोटी. पंडितास त्यातील अलंकार दिसत, आणि अक्षरशत्रू श्रोत्यास त्याचा ठेका कळे. कित्येकदा शब्दांचा हा थाट अर्थावर मात करतो आणि भावना अलंकाराखाली दबून जाते, हा त्यांच्या काव्यातील दोषही मान्य केला पाहिजे.

छेकापह्नुती हा संस्कृत अलंकार त्यांनी लावणीत विशेष रंगविला. ह्यात एक सखी दुसरीस अशा काही खुणा सांगते की ऐकणाराची खात्री पटते की हे वर्णन प्रियकराचेच. आणि नेमक्या त्या क्षणी ती बोलणे फिरवून एखाद्या अगदी निराळ्या वस्तूचे नाव घेते. श्रोता हसतो, आणि आपल्या मनात काय होते ते त्याचे त्यालाच कळते. हिंदुस्थानीत अमीर खुस्रो यांच्या नावावर असलेल्या मुकऱ्या ह्याच जातीच्या. कानडी शरणसाहित्यात अल्लमप्रभूंची बेडगाची वचने आहेत. तेथेही वरचा अर्थ एक आणि आतला अर्थ निराळा असतो. हेतू भिन्न आहेत, अल्लमप्रभू अनुभावाकडे नेतात आणि शाहीर विनोदाकडे. परंतु शब्दाच्या पोटात दुसरा शब्द दडविण्याचे कौशल्य ह्या भूमीत किती खोल मुरले आहे, हे दोन्हींवरून दिसून येते.

राम जोशी यांची भाषासंपत्ती हा तर ह्या द्विभाषिक ग्रंथाच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा विषय. मराठी ही त्यांची मुख्य काव्यभाषा. परंतु संस्कृतात आणि कानडीतही त्यांनी रचना केली आणि एकाच कवनात निरनिराळ्या भाषांचे चरण गुंफण्याचा खेळही केला. असा खेळ करावयाचा तर तो समजणारे श्रोतेही समोर असावे लागतात. सोलापूरच्या चौकात बसलेला श्रोता मराठी चरणानंतर कानडी चरण ऐकून गोंधळत नसे, उलट खुलत असे. भाषेवरून भांडण करण्याचे प्रयोजन त्यास ठाऊक नव्हते. आपल्या शेजाऱ्याची भाषा आपल्या गाण्यात आली की गाणे वाढते, हे ह्या सीमेवरच्या माणसास शिकवावे लागले नाही.

कीर्ती वाढली तसे द्रव्यही आले. राम जोशी यांची वृत्ती विलासी आणि हात सढळ. जे मिळाले ते टिकवावे हा विचार त्यांना फारसा शिवला नाही. रंगेल स्वभाव, हजरजबाबीपणा, जागच्या जागी कवन रचण्याचे सामर्थ्य आणि बैठक जिंकण्याची ईर्षा ह्यांमुळे त्यांच्याभोवती दंतकथांचे जाळे विणले गेले. अशा पुरुषाचे खरे चरित्र आणि लोकांनी रचलेले चरित्र ह्यांतील सीमा पुसट होते. बया नावाच्या नर्तकीची कथाही त्यांच्या नावाशी जोडली गेली आहे. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. शाहिराची लावणी लोकांपर्यंत पोहोचली ती फडातील गाणाऱ्यांच्या आणि नाचणाऱ्यांच्या कष्टांवर. कविरायांचे नाव उरले. परंतु त्यांचे शब्द ज्यांनी रात्रीच्या रात्री पायांत चाळ बांधून जिवंत केले, त्या स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांची नावे काळाच्या उदरात गडप झाली. ब्राह्मण शाहीर परत फिरला तेव्हा समाजाने त्यास जवळ केले; त्या कलावंतांना परत फिरण्यास वाटच ठेवलेली नव्हती. भक्तीच्या दारात सर्वांस सारखे स्थान असते, ही मठाची शिकवण मनात धरून त्या अनामिकांचेही ह्या ठिकाणी स्मरण करणे उचित होय.

राम जोशी यांच्या जीवनास वळण लावणारी घटना म्हणजे बारामतीच्या मोरोपंतांची भेट. मोरोपंत हे पंतकवींचे मुकुटमणी. जन्म पन्हाळगडी १७२९ साली, निधन बारामती येथे १७९४ साली. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ ह्यांचे कर्ते, नानाविध रचनाचमत्कृतींनी रामायणे लिहिणारे, आणि आचाराने अत्यंत सोवळे असे हे गृहस्थ. पंढरपूरचे बाबा पाध्ये त्यांचे व्याही. असा हा वृद्ध, निष्ठावंत कवी आणि तो तरुण, रंगेल शाहीर ह्यांत समान असे काय असावे? समान होते ते शब्दावरचे प्रभुत्व. यमक आणि अनुप्रास ह्यांचा दोघांनाही सारखाच ध्यास. मोरोपंतांनी राम जोशी यांची कवने ऐकली, त्यांतील प्रतिभा ओळखली, तिचा मोकळ्या मनाने गौरव केला, आणि ही वाणी हरिचरणी वाहावी असे सुचविले, असे परंपरा सांगते. ह्या शब्दांचा आघात इतका झाला की कविरायांनी आपला डफ फोडून टाकला, असेही सांगतात.

ह्या कथेत मोठा बोध दडलेला आहे. राम जोशी यांस सुधारण्याचा यत्न घरच्यांनीही केला होता. परंतु त्यांनी प्रथम त्यांच्या कलेचा धिक्कार केला. मोरोपंतांनी प्रथम कलेचा सन्मान केला आणि मग तिला दिशा दाखविली. निंदेने जे घडले नाही ते गुणग्रहणाने घडले. असाच प्रसंग संगमनेरच्या अनंत फंदी यांच्या चरित्रातही सांगितला जातो. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला. सद्गुरू शिष्याच्या अंगचे देणे हिरावून घेत नाही. ते देणे कोणाच्या चरणी वाहावे एवढेच तो सांगतो. नदीचे पाणी अडविले तर कुजते, पाटाने वळविले तर शेत पिकते.

त्यानंतर राम जोशी कीर्तनास उभे राहू लागले. कीर्तनाची रीत भाविकांस ठाऊकच आहे. पूर्वरंगात एखाद्या पदाचे वा अभंगाचे निरूपण, उत्तररंगात त्यास अनुरूप असे आख्यान. ह्या आख्यानात राम जोशी यांनी मोरोपंतांच्या आर्या गाण्यास घेतल्या. बारा आणि अठरा मात्रांच्या बांधणीची ती गीतिजातीची आर्या, संस्कृत शब्दांनी भरलेली, वाचावयास कठीण. पंडितांच्या पोथीत ती मान्यता पावली होती. परंतु सामान्य जनांच्या ओठी बसण्यास तिला गळा हवा होता. तो गळा तिला फडात तयार झालेल्या ह्या शाहिराने दिला. ठेका कोठे द्यावा, शब्द कोठे तोडावा, कोणत्या यमकावर श्रोत्यांस थांबवावे, हे सारे लावणीने त्यांस शिकविले होते. मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचविण्याचे मोठे श्रेय राम जोशी यांच्या कीर्तनांकडे जाते. गुरूने शिष्यास वाट दाखविली, आणि शिष्याने गुरूचे काव्य लोकांच्या दारापर्यंत वाहून नेले. दोघांचे ऋण असे परस्परांत फिटले.

तथापि ह्या परिवर्तनानंतर राम जोशी यांचे जुने आयुष्य पुसून गेले असे मानणे भाबडेपणाचे होईल. १७९६ साली दुसरे बाजीराव पेशवे गादीवर आले. लावणी, नृत्य, थाटमाट ह्यांची त्यांस आवड. पुण्यात शाहिरांस आश्रय मिळू लागला. राम जोशी यांचाही पेशव्यांच्या दरबारी सन्मान झाला असे सांगतात. परंतु त्या वैभवाच्या पायाखालची जमीन सरकत होती. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी पुणे जिंकले, वर्षअखेर वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांच्या आधीन झाले, आणि पाठोपाठ १८०३-०४ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. राज्य जेव्हा आतून पोकळ होत जाते तेव्हा दरबारातील गाणे अधिकच मोठ्याने वाजते. कविरायांचे उत्तरायुष्य अशा काळात गेले. १८१२-१३ च्या सुमारास त्यांनी देह ठेवला. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच, १८१८ साली, पेशवाई संपली.

राम जोशी यांच्या समग्र रचनेत मठाच्या भक्तांनी ज्या कवनांचे विशेष मनन करावे ती त्यांची वैराग्यपर कवने होत. लावणीच्याच चालीत, डफाच्याच ठेक्यावर, त्याच झळझळीत यमकांत त्यांनी मनुष्यजन्माची दुर्लभता सांगितली आणि नारायणाशी सख्य जोडण्याचा उपदेश केला. त्यांतील एक कवन तर महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. त्यात कविराय ढोंगी साधूस प्रश्न विचारतात. वस्त्रे रंगविली, केस वाढविले, मठाचा पसारा मांडला. परंतु अंतःकरण निर्मळ झाले नाही आणि ईश्वराची ओळख पटली नाही, तर ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असा त्याचा आशय आहे. शब्द सपासप चाबकासारखे येतात, आणि ऐकणारा हसता हसता अंतर्मुख होतो.

हा प्रश्न मठाच्या वर्धापनाच्या ग्रंथात टाळून पुढे जाणे शक्य असते. परंतु ते योग्य झाले नसते. बाह्य वेषावर आणि आडंबरावर असेच कोरडे बसवण्णांच्या वचनांत आहेत, तुकोबांच्या अभंगांत आहेत. ह्या भूमीवरील संतांनी मठ, मूर्ती, माळ, भस्म ह्यांस आधार मानले. ज्यास आधार द्यावयाचा तो आतला भाव हरवला की त्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. राम जोशी यांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोठून आला? ते संत नव्हते, विरक्त नव्हते. परंतु वेष आणि अंतर ह्यांतील अंतर त्यांनी स्वतः भोगले होते. पुराणिकाच्या आसनावर बसले असता त्यांचे मन फडात होते, आणि फडात उभे असता घरची शास्त्रवचने त्यांच्या ओठी येत होती. बाहेरून प्रतिष्ठित दिसणे आणि आतून प्रामाणिक असणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे ज्यास अनुभवाने कळले त्याच्या शब्दास धार येते. जो मठ असा प्रश्न आपल्या भक्तांस ऐकवू शकतो, तोच तो प्रश्न पचवूही शकतो. वर्षानुवर्षे भिंती उभ्या राहिल्या, शिखरास रंग लागला, अन्नदान चालले, हे सारे स्तुत्यच. त्याबरोबर अंतःकरणाची झाडलोट किती झाली हा हिशेबही वर्धापनाच्या दिवशी मांडावा, एवढेच ह्या शाहिराचे सांगणे.

कविरायांचा वारसा त्यांच्यामागे अनेक वाटांनी वाहत राहिला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी लोकांच्या मुखी असलेली शाहिरी कवने जमविण्याचे मोठे कार्य केले. इंग्रज अधिकारी ॲक्वर्थ यांच्या सहकार्याने त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे राम जोशी यांच्या लावण्याही संकलित केल्या. जे केवळ कंठात होते ते कागदावर आले, म्हणून ते वाचले. शिष्ट समाजात लावणीचे नाव काढणे एके काळी गैर मानले जाई. १९५६ साली म. वा. धोंड यांचा ‘मऱ्हाटी लावणी’ हा अभ्यासग्रंथ आला आणि ह्या काव्यप्रकाराकडे साहित्य म्हणून पाहण्याची दृष्टी दृढ झाली.

१९४७ साली राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट काढला. बाबुराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदार यांनी उभे केलेले राम जोशी आणि हंसा वाडकर यांनी साकारलेली बया ह्यांनी तो बोलपट अविस्मरणीय झाला. मराठीबरोबर त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. ज्याच्या गाण्यात अनेक भाषा नांदल्या त्याची कथा पडद्यावरही दोन भाषांत सांगितली गेली, हा योग सुंदर खरा. मात्र बोलपटातील प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून धरू नये. लोकांच्या मनातील राम जोशी आणि सोलापूरचे राम जोशी हे दोघे भिन्न असले, तरी दोघांचेही मोल आहे. एक होऊन गेला, दुसरा अद्याप गातो आहे.

हुमनाबादच्या परिसरातील भाविकांस आणखी एक गोष्ट सहज स्मरेल. कविरायांच्या निधनानंतर काही वर्षांतच, १८१७ साली, कल्याणाजवळील लाडवंती येथे श्रीमाणिकप्रभूंचा अवतार झाला. माणिकनगरात त्यांनी मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा निरनिराळ्या भाषांत पदे रचली, आणि गवयी, वादक, कलावंत ह्यांस आपल्या दरबारात मानाने स्थान दिले. ह्या दोन चरित्रांत प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही; त्यांचे अधिकारही भिन्न. तरी भूमी एकच आहे. राम जोशी यांस ज्या समाजाने कला आणि धर्म ह्यांतून एकाची निवड करण्यास सांगितले, त्याच समाजाच्या शेजारी अर्ध्या शतकाच्या आत असे एक स्थान उभे राहिले की जेथे गाणाऱ्यास दाराबाहेर थांबावे लागले नाही.

राम जोशी घरातून निघाले तेव्हा त्यांच्या मागे दार बंद झाले होते. पुढे पंढरपूरने त्यांस विद्या दिली, बारामतीने दिशा दिली, आणि लोकांनी त्यांस कंठात जागा दिली. अशा माणसांकडे मठाने कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचे उत्तर मोरोपंतांच्या वर्तनात आहे. आजही सीमेवरच्या गावागावांतून एखादा मुलगा अभ्यास टाकून डफापाशी रेंगाळत असेल, एखादी मुलगी मराठी चालीवर कानडी शब्द गुणगुणत असेल. उत्सवाच्या रात्री मठाच्या पायरीवर ते येऊन उभे राहिले, तर त्यांस आत बोलावून टाळ हाती द्यावा, आणि त्यांचे गाणे शांतपणे ऐकून घ्यावे. कविरायांच्या स्मृतीस ह्याहून योग्य अशी दुसरी वंदना नाही.